सैरंध्रीपासून सुरुवात : मराठी कथा-कादंबरीतील स्त्रीची ओळख आणि तिचा नकार

चिखलदऱ्यात नवा पाहुणा आला की आपण सारे त्याला भीमकुंड दाखवायला नेतो आणि तीच कथा सांगतो. अज्ञातवासात विराट राजाच्या वाड्यात सैरंध्री होऊन राहिलेल्या द्रौपदीवर कीचकाची वाईट नजर गेली. भीमाने त्याला ठार केले, त्याचा देह या दरीत फेकला आणि कुंडात हात धुतले. म्हणून ही कीचकदरा, आणि बोलता बोलता तिचे झाले चिखलदरा. ही लोककथा आहे. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्ही तिला पुरावा मानत नाही. मात्र लोककथा काय जपून ठेवते आणि काय विसरते, हे पाहणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कामच आहे.

गावाच्या नावात कीचक उरला, कुंडाच्या नावात भीम उरला. जिच्यामुळे ही सारी कथा घडली ती सैरंध्री मात्र नावात उरली नाही. महाभारत उघडून पाहिले तर तेथे सर्वांत अधिक बोलते ती हीच. भरसभेत कीचकाने लाथ मारली तेव्हा राजाला जाब विचारणारी ती, आणि रात्री स्वयंपाकघरात जाऊन निजलेल्या भीमाला उठवून त्याच्यापुढे आपला अपमान मांडणारीही तीच. स्मरणात राहिले ते छळणारा पुरुष आणि सूड घेणारा पुरुष असे दोघे.

स्मरणिकेसाठी लेख लिहावा असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा आमच्या मनात प्रथम ही कथा आली. मराठी कथा-कादंबरीतही बराच काळ असेच घडले. कथा स्त्रीभोवती फिरे, पण सांगणारा दुसराच असे. ती देवी असे, पतिता असे, त्यागमूर्ती माता असे. स्वतःचे मत असलेली माणूस क्वचितच असे. ही मांडणी स्त्रियांनी स्वतः कशी मोडली आणि त्या मोडतोडीचा आपल्या घरांशी व शाळांशी काय संबंध आहे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

वऱ्हाडातून उठलेला प्रश्न

मराठीत या प्रश्नाचा पहिला मोठा उच्चार आपल्या वऱ्हाडातून झाला, ही गोष्ट आपल्या मुलामुलींना माहीत असावी. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक विचारांच्या वर्तुळातील होते. निमित्त झाले ते सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याचे. त्या विधवेने आपले नवजात मूल मारल्याबद्दल १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. वृत्तपत्रांतून मात्र एकूण स्त्रीजातीवरच चिखलफेक सुरू झाली. ताराबाईंनी विचारले की, जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? पुण्यात छापलेल्या त्या पुस्तकाच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत होती नऊ आणे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या ग्रंथातील आणखी एक भाग मोलाचा आहे. स्त्रीला कपटी, चंचल आणि विश्वासघातकी रंगविणाऱ्या त्या काळच्या कथा-नाटकांचाही ताराबाईंनी समाचार घेतला. पुरुषाच्या लेखणीतून उतरलेली बाई ही खरी बाई नव्हे, हे मराठीत एवढ्या स्पष्टपणे सांगणाऱ्या त्या आरंभीच्या वाचक होत. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पुढे हा ग्रंथ विस्मृतीत गेला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. म्हणजे सुमारे ९० वर्षे वऱ्हाडच्या या लेकीचे नावही सैरंध्रीसारखेच हरवले होते.

आपल्या परंपरेत मागे गेलो तर हा आवाज याहूनही जुना सापडतो. थेरीगाथेत ७३ थेरींचे उद्गार आहेत. मुत्ता थेरी आनंदाने सांगते की उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा या तीन वाकड्या गोष्टींतून आपण सुटलो. सोमा थेरीला मार टोमणा मारतो की, दोन बोटांच्या अकलेच्या बाईला ऋषींचे स्थान कसे लाभणार? भात शिजला की नाही हे दोन बोटांनी शीत दाबून पाहणारी बाई, असा त्या टोमण्याचा अर्थ अट्ठकथेत दिला आहे. सोमा त्याला उत्तर देते की चित्त स्थिर झाले आणि ज्ञान जागे असले, तर स्त्रीपण आड येतेच कुठे? बाईला स्वयंपाकघराच्या मापाने मोजण्याची खोड किती जुनी आहे आणि तिला मिळालेले उत्तरही किती जुने आहे, हे यावरून ध्यानात यावे.

ठराव झाला, घराचे काय?

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी होत्या आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस ते पंचवीस हजार स्त्रिया त्या अधिवेशनाला आल्या होत्या. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा, बहुपत्नीत्व कायद्याने बंद व्हावे, कामगार स्त्रियांना रजा मिळावी, मुलींसाठी वसतिगृहे काढावीत, असे ठराव तेथे झाले. साऱ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ मध्ये, म्हणजे १३ वर्षांनी. मधल्या काळात हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे आपण जाणतोच. नागपूरच्या त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले होते की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून उभे राहावे, त्याची दासी होण्यास नकार द्यावा. समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, हेही त्यांनी तेथेच सांगितले.

इतिहासाच्या दप्तरात हा ठराव आपल्याला मिळतो. तो हात उंचावून मंजूर करणारी बाई रात्री घरी परतली तेव्हा काय झाले, हे मात्र दप्तरात मिळत नाही. दार कोणी उघडले? चूल कोणी पेटवली होती? उशीर का झाला, असे कोणी विचारले, आणि तिने काय उत्तर दिले? ही पोकळी काही अंशी आठवणींनी भरून निघाली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावच्या कार्यकर्त्या स्त्रियांना भेटून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. उरलेली पोकळी आत्मकथनांनी आणि कथा-कादंबऱ्यांनी भरली. घराच्या आत घडणाऱ्या इतिहासाचे दप्तर म्हणजे स्त्रियांचे कथन, असे आम्ही मानतो.

वीस वर्षे लपविलेली वही

दलित साहित्याने १९६० नंतर मराठी साहित्याचा चेहराच बदलला. बाबुराव बागुलांच्या ‘सूड’मधील जानकी स्त्रीदेहाची शिक्षाच नाकारायला निघते, त्या काळी असे लिहिणे हे मोठे धाडस होते. तरीही त्या प्रवाहातील बहुतेक लेखनात आई आली ती सोसणारी, राबणारी, लेकरासाठी उपाशी निजणारी. ती खरी होती, पण तेवढीच नव्हती. तिला राग येत होता, हौस होती, मत होते. हे सांगायला तिच्या लेकींनाच लेखणी हाती घ्यावी लागली.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले ते दुकान सांभाळता सांभाळता आणि घरच्यांपासून लपवून. सुमारे वीस वर्षे त्यांनी ती पाने दडवून ठेवली होती. १९८६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. त्यांनी गावकुसाबाहेरचे दैन्य लिहिले, बाबासाहेबांच्या चळवळीने आलेले चैतन्य लिहिले. आणि आपल्याच वस्तीत सुनांना होणारी मारहाण, त्यांचे कापलेले नाक, सासूचा जाच हेही लिहिले. याच बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे येथे वंचित मुलांसाठी आश्रमशाळा चालविली, हे आपल्यासारख्या निवासी शाळेच्या परिवाराने आवर्जून लक्षात ठेवावे.

शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ ही याच वाटेवरची पुस्तके. शांताबाई स्वतः शिक्षिका होत्या, कुमुदताई संस्कृत शिकून प्राध्यापिका झाल्या. उर्मिला पवार यांनी या वाटेला कथेचे रूप दिले. ‘सहावं बोट’ हा त्यांचा पहिला संग्रह १९८८ मधील, ‘चौथी भिंत’ त्यानंतरचा. पुढे २००३ मध्ये ‘आयदान’ हे आत्मकथन आले. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांची भांडी. त्यांची आई ती विणून घर चालवी. तिचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच, असे लेखिका मानतात. नोकरी, संसार, मुले सांभाळून त्यांनी एम. ए. केले आणि चळवळीत काम केले. घराबाहेर पडणाऱ्या पत्नीबद्दल पतीच्या मनात वाढत गेलेली अढीही त्यांनी झाकून ठेवली नाही. चळवळीतील घर असले तरी घर म्हणून ते किती जुने राहू शकते, हे त्या पुस्तकाने आम्हाला दाखविले. आमचेही घर त्याला अपवाद नव्हते. स्त्रीमुक्तीवर व्याख्यान द्यायला निघताना आमचा डबा भरून देणारे हात कोणाचे होते, हे आम्ही फार उशिरा विचारले. त्या हातांनाही सकाळी दहाला नोकरीवर पोहोचायचे असे.

लाल शाईची चूक

येथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका शाळेत होतो. विषय इतिहास, पण मराठीचे शिक्षक रजेवर असल्याने नववीचे तास आमच्याकडे आले. आम्ही निबंध दिला : ‘माझी आई’. साऱ्या वर्गाने तोच निबंध लिहिला. आई पहाटे उठते, सर्वांसाठी राबते, स्वतः उपाशी राहते, आई म्हणजे ममतेचा सागर. एका मुलीने वेगळे लिहिले. तिची माय रोजगार हमीच्या कामावर जाई. मुकादम हजेरीपटावर बापाचेच नाव मांडी आणि मजुरी त्याच्या हाती देई. एक दिवस मायने हजेरीपट धरून ठेवला. खोदणारी मी, तर नाव माझे लिही, असे ती म्हणाली. नाव लिहून ते मोठ्याने वाचून दाखवीपर्यंत तिने पट सोडला नाही. घरी आल्यावर तिला मार बसला, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर गेली, असे शेवटचे वाक्य होते.

आम्ही ‘माय’ खोडून ‘आई’ केले. समासात लाल शाईने लिहिले, ‘विषयाला सोडून. आईच्या प्रेमाविषयी लिहावे.’ दिवाळीच्या सुट्टीनंतर ती मुलगी परत आली नाही. लग्न ठरले असे कळले. त्या शेऱ्याचा आणि त्या लग्नाचा संबंध जोडणे अतिशयोक्ती होईल. पण वर्गात एकच मूल खरे लिहीत होते आणि त्यालाच आम्ही खोटे लिहायला सांगितले, ही बोच आजही जात नाही.

पुढे उर्मिला पवार यांची ‘कवच’ ही कथा वाचनात आली. आंबे विकणारी इंदिरा आणि तिचा शाळकरी मुलगा गौऱ्या. बाजारातले पुरुष आंब्यांच्या निमित्ताने आईशी द्व्यर्थी बोलतात आणि ते ऐकून मुलगा लाजेने चूर होतो. आईने बाजारात जाऊच नये असे त्याला वाटते. आई जाते. अंगावर येणाऱ्याला ती त्याच्याच भाषेत असे उत्तर देते की तो गप्प बसतो. तिची तिखट जीभ हेच तिचे कवच आहे, हे मुलाला उमगते. आम्ही ती कथा मिटली तेव्हा हजेरीपट धरून उभी असलेली माय डोळ्यांपुढे आली. शालेय पुस्तकांतील ममतेच्या सागराने आमच्या नजरेवर पडदा टाकला होता. कथेने तो बाजूला केला.

याच ठिकाणी आम्हाला मुक्ता साळवेची आठवण होते. फुले दांपत्याच्या शाळेतील या मातंग विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिने आपल्या बायांना उघड्यावर बाळंत व्हावे लागते, हे लिहिले. कोणी शिक्षकाने त्या वहीत ‘विषयाला सोडून’ असा शेरा मारला असता तर?

‘ब्र’ काढण्याची गोष्ट

दलित लेखिकांनी उघडलेल्या या दाराशेजारी मध्यमवर्गीय लेखिकांचेही दार होते. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालती बेडेकर यांनी १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहिले आणि शिकलेल्या अविवाहित मुलींची घुसमट मांडली म्हणून गहजब झाला. त्यांनीच पुढे गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतीतील जीवनावर ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. गौरी देशपांडे यांच्या नायिका विवाह, मातृत्व आणि मैत्री यांविषयी स्वतःचे निर्णय घेऊ लागल्या. या लेखनात उंबरठ्याच्या आत कोंडलेल्या बाईचा प्रश्न होता. आपल्या मायबहिणींना मात्र उंबरठा कोणी दिलाच नव्हता. त्यांच्यासाठी शेत, खाण, बाजार आणि रस्ता हीच जागा होती, आणि तेथे जातीचाही फटका बसत होता. दोन्ही दुःखे खरी, पण एकच नव्हेत. म्हणून दोन्ही वाचली पाहिजेत.

मेळघाटात राहणाऱ्या वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी कादंबरी म्हणजे कविता महाजन यांची २००५ मधील ‘ब्र’. विस्कटलेल्या संसारातून बाहेर आलेली प्रफुल्ला एका स्वयंसेवी संस्थेच्या कामानिमित्त आदिवासी भागात फिरते आणि गावोगावच्या सरपंच स्त्रियांना भेटते. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतीत एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्रात पुढे त्या निम्म्या झाल्या. खुर्ची मिळाली, पण खुर्चीवर बसून बोलायचे कसे? ज्या बाईने जन्मात ‘ब्र’ काढला नाही, तिने ग्रामसभेत काय म्हणायचे? शिक्का नवऱ्याच्या खिशात असलेली सरपंचबाई आपल्यापैकी कोणी पाहिली नाही? कादंबरीतील बाया अडखळत शिकतात, कधी हरतात आणि पुन्हा उभ्या राहतात. त्यांना बोलताना ऐकून शहरातून आलेली प्रफुल्लाही स्वतःचा ‘ब्र’ शोधू लागते. शिकवायला गेलेली बाई शिकून येते, ही या कादंबरीची खरी कमाई आहे.

आजची पिढी याही पुढे गेली आहे. प्रज्ञा दया पवार यांच्या ‘अफवा खरी ठरावी म्हणून’ या संग्रहातील कथा असोत की शिल्पा कांबळे यांची ‘निळ्या डोळ्यांची मुलगी’ ही कादंबरी असो, येथे शिकलेली, शहरात राहणारी, चळवळ ऐकत वाढलेली तरुणी स्वतःच्या अटींवर जगू पाहते. आपल्या वस्तीलाही ती प्रश्न विचारते.

घरचे धुणे आणि चळवळ

येथे एक आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. जयंतीच्या सभेनंतर ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ‘सर, आधीच समाजावर संकटे काय कमी आहेत? आपल्या बाया घरचे धुणे रस्त्यावर धुऊ लागल्या तर चळवळ दुबळी नाही का होणार?’ या भीतीमागे समाजाविषयीची काळजी आहे, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. पण उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या भारतातील जातींवरील निबंधात त्यांनी दाखविले की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही बंधने स्त्रीवर लादली गेली. जातीचे कुलूप स्त्रीच्या आयुष्याला लावलेले आहे. मग घराच्या आतले सांगणारी लेखिका चळवळीला दुबळी कशी करील? ती नेमका त्या कुलपालाच हात घालते. मुलगी सोळाव्या वर्षी उजवायची, तिने कोणाशी बोलायचे ते भावाने ठरवायचे, आणि दारावर मात्र निळा झेंडा लावायचा, असे जेथे चालते तेथे दुबळेपणा लेखिकेने आणलेला नाही.

आपल्यापुरते

या शाळेच्या परिवाराला आमची तीनच मागणी आहेत. पालकांना विनंती अशी की दहावी झालेल्या मुलीला घरी थांबवू नये. डोंगरातल्या गावाहून परतवाड्याला किंवा अमरावतीला पाठवणे खर्चाचे आहे आणि मनाला धाकधूक लावणारे आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. सुलोचनाबाईंच्या परिषदेने मुलींची वसतिगृहे मागितली ती याच कारणासाठी. माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की शाळेला भेट द्यायची तर भिंतीवरचे घड्याळ नको, वर नावे घेतलेल्या लेखिकांची पुस्तके द्यावीत. शिक्षक बंधुभगिनींना विनंती अशी की निबंधात एखादे मूल सरळ रस्ता सोडून लिहू लागले तर लाल शाईचे पेन जरा बाजूला ठेवावे.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांवर, स्वतःच्या नावानंतर आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहिले जाते. त्या हजेरीपटाच्या मायला हे कळले तर ती काय म्हणेल, असा विचार मनात येतो. बहुधा ती म्हणेल, ‘एवढ्या उशिरा?’

पुढच्या वेळी आपण आपल्या लेकरांना घेऊन भीमकुंडावर उभे राहू तेव्हा कथा अवश्य सांगू. फक्त कीचकापासून सुरुवात करू नये, भीमापासूनही नको. एक बाई भरसभेत उभी राहिली आणि तिने राजाला जाब विचारला, येथून सुरुवात करावी. पुढचे मुली स्वतः सांगतील.

जय भीम! नमो बुद्धाय!